तिन्हीसांजेचा तीव्र मध्यम

भयपट डोळे मिटूनही बघता येतो. कानात बोळे घालून मात्र येत नाही. हे माझं जुनं मत आहे आणि वर्षं गेली तसं ते पक्कं होत गेलं आहे. थिएटरात आता काहीतरी भयंकर दिसणार असं वाटलं की माणसं चेहऱ्यावर हात घेतात. त्याचा उपयोग होत नाही. मणक्यातून जे सरकत जायचं ते जातंच, कारण ते केव्हाच कानावाटे आत शिरलेलं असतं. म्हणून गाण्याच्या मैफिली आणि भुताखेतांचे सिनेमे ही मला दोन वेगळी वेडं कधी वाटलीच नाहीत. रत्नागिरीतल्या माझ्या गाणं ऐकणाऱ्या मैत्रिणींना माझ्या खोलीतलं 'पुराना मंदिर'चं पोस्टर खुपतं, आणि ज्या पोरांशी मी सिनेमांवरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालते त्यांना मी मारवा ऐकायला पहिल्या रांगेत जाऊन बसते याचं नवल वाटतं. मला विचाराल तर दोन्हीकडे एकच गोष्ट चाललेली असते. पुष्कळ माणसं काळोखात एकत्र बसून एका सुराची वाट बघत असतात.

हिचकॉकचा 'सायको' घ्या. १९६० सालच्या या सिनेमातल्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नकोच, असं हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने ते मानलं नाही. त्याने सबंध सिनेमासाठी फक्त तंतुवाद्यं वापरली होती. त्यातल्याच व्हायोलिनांवर त्याने गज वरच्या सुरांत करकरा ओढायला लावले आणि ते ऐकवलं. हिचकॉकने आपला हट्ट सोडला. आज तो प्रसंग आवाज बंद करून बघावा. एक बाई, एक पडदा, वरखाली होणारा सुरा आणि भराभर बदलणारी चित्रं. खून झाला हे समजतं, भीती वाटत नाही. मग आवाज चालू करून शेजारच्या खोलीत जाऊन उभं राहावं. काही दिसत नसताना अंगावर काटा येतो.

आम्हा कोकणातल्या लोकांचे कान या बाबतीत लहानपणीच तयार होतात. माझं आजोळ गुहागरकडचं. जांभ्याचं घर, वर कौलं, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीचं आगर. लाईट आली होती, पण पावसाळ्यात ती असण्यापेक्षा नसायचीच जास्त. कंदील मालवला की घर आवाजांच्या ताब्यात जायचं. झावळ्या एकमेकींवर घासायच्या. सुकलेली झावळ आगरात धप्पकन पडायची. वाशात भुंगा लाकूड कोरत बसलेला असायचा, त्याची बारीक करकर रात्रभर चालायची. समुद्राची गाज सारखी असल्यामुळे ऐकूच यायची नाही, आणि एखाद्या क्षणी ती थांबल्यासारखी वाटली की छाती धडधडायची. मी विचारायचे, "आजी, काय वाजलं?" "झावळ पडली गो. नीज." "आणि आता?" "मांजर आहे माळ्यावर." प्रत्येक आवाजाचा धनी तिला ठाऊक होता. पण कधीतरी एखादा आवाज असा यायचा की मी विचारलं तरी ती काहीच बोलायची नाही. नुसती कूस बदलायची आणि माझ्या पायांवरचं पांघरूण नीट करायची. त्या न दिलेल्या उत्तराएवढं मला पुढे कुठल्याही सिनेमाने घाबरवलं नाही.

भयपट करणाऱ्या कितीतरी लोकांना एवढं कळत नाही. भूत कोणाचं, ते कधी मेलं, त्याला काय हवं आहे, हे सगळं ते शेवटच्या अर्ध्या तासात समजावून सांगतात आणि हाती आलेलं भय घालवून बसतात.

आजीचे तिन्हीसांजेचे नियम होते. केस विंचरायचे नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही, केर काढायचा नाही, पिंपळाकडे फिरकायचं नाही. पुढे गाणं ऐकायला लागल्यावर लक्षात आलं की नेमक्या याच वेळेचा एक राग आहे, आणि तोही नियमांनी बांधलेला आहे. मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि पंचम नाहीच. पंचम नाही म्हणजे मधे टेकायला जागा नाही. षड्ज हा कुठल्याही रागाचं घर. मारव्यात तो जाणूनबुजून लांबणीवर टाकतात. गवई धैवतावर रेंगाळतो, निषादाला स्पर्श करून कोमल रिषभावर येऊन उभा राहतो, आता सा लागणार म्हणून आपण श्वास धरतो, आणि तो षड्जाला हात न लावता परत फिरतो. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची एक रेकॉर्ड आहे. त्यातला मारवा अतिविलंबित लयीत सुरू होतो तेव्हा मला दरवेळी एक लांबच लांब काळोखी ओटी दिसते आणि तिच्या टोकाला लोटलेलं दार. दार उघडावं असं वाटतं आणि उघडू नये असंही वाटतं. खाँसाहेब त्या दारापर्यंत नेतात, थांबवतात, आणि अखेर षड्ज लागतो तेव्हा सुटकेपेक्षा थकवा जास्त जाणवतो. भयपटाच्या दिग्दर्शकांना मी काही शिकवू शकले असते तर त्यांना हा मारवा ऐकायला बसवलं असतं.

षड्ज आणि तीव्र मध्यम ही जोडी सप्तकाचे बरोबर दोन तुकडे करते. युरोपात जुन्या काळी या जोडीचा संबंध सैतानाशी लावत. १३ फेब्रुवारी १९७० रोजी बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड आली, तिच्या पहिल्याच गाण्याची गिटार या जोडीवर उभी आहे. आधी खालचा सा, मग वरचा सा, मग तिथून घसरून तीव्र मध्यम. एवढंच, आणि पुन्हा तेच, अतिशय संथ. त्याआधी ऐकू येतो तो पाऊस, ढगांचा गडगडाट आणि लांबवर वाजणारी घंटा. कॉलेजात पहिल्यांदा ते कॅसेटवर ऐकलं तेव्हा मला इंग्लंड आठवलं नाही, आषाढातली आजोळची रात्र आठवली. बँडचं नावही मारिओ बाव्हाच्या १९६३ सालच्या एका भयपटावरून घेतलेलं, त्यात बोरिस कार्लॉफ होता. ५ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑस्बर्नने आपल्याच शहरात अखेरची मैफल केली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो गेला. बातमी आली तेव्हा रत्नागिरीत पाऊस लागला होता. मी खिडकी उघडी ठेवून ते गाणं लावलं.

पण तीव्र मध्यम सैतानाचा आहे हे मला पटत नाही. आपल्याकडे तोच स्वर यमनात येतो आणि देवापुढे समई लावल्यासारखं वाटतं. स्वरात भय नसतं. तो स्वर कोणापासून तोडला, कोणाची वाट बघायला लावली आणि किती वेळ, यात ते असतं.

आपल्या सिनेमात हे मर्म पहिल्यांदा कोणी ओळखलं असेल तर ते 'महल'वाल्यांनी. १९४९ सालचा कमाल अमरोहींचा हा सिनेमा. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं ते येणाऱ्याची चाहूल देणारं गाणं दुरून जवळ येतं आहे असं ऐकू यायला हवं होतं, आणि तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला आणि लता मंगेशकर कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. ही हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. मला ती पावलं ऐकू येतात असं मी म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण सुरुवातीच्या ओळींत आवाजाभोवती रिकामी खोली आहे, ती नक्की ऐकू येते. त्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे पडद्यावरच्या मधुबालेच्या पात्राचं. सिनेमातल्या अशरीर वाटणाऱ्या बाईचं नाव रेकॉर्डवर आणि गाणारीचं नाव कुठेच नाही! हिंदी भयपटांचा पुढचा सगळा संसार या एका प्रयोगावर चालला. हेमंतकुमारांचा 'बीस साल बाद' १९६२ चा, मदनमोहनांचा 'वो कौन थी' १९६४ चा. धुकं, पांढरी साडी आणि लताबाई. आपल्या राजा परांजप्यांचा 'पाठलाग' त्याच वर्षीचा. तिथे गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशाबाईंचा आवाज. त्यावरून हिंदीत 'मेरा साया' झाला. मला 'पाठलाग'च जास्त आवडतो. त्यातलं गाणं कानाशी येऊन कुजबुजतं आणि निघून जातं, मुद्दाम घाबरवायला थांबत नाही.

रामसे बंधूंबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांनी शांततेवर कधी भरवसा ठेवला नाही हे खरं. वारा, कोल्हेकुई, विजा, करकरणारं दार, सगळं एकदम. पण ते पैसे उधळून मोठे स्टुडिओ बांधणारे लोक नव्हते; खऱ्या जुन्या वाड्यांत, मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यासारख्या जागी जाऊन त्यांनी सिनेमे केले, आणि त्या भिंतींचा ओलावा पडद्यावर उतरला. 'पुराना मंदिर' १९८४ सालचा. त्यातला सामरी, म्हणजे धिप्पाड अनिरुद्ध अग्रवाल, मी आजोळी बघितला. वाडीत सत्यनारायण असला की रात्री खळ्यात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर यायचा. मधे घोंगड्या-चटयांवर आम्ही पोरं, मागे बायका, कडेला विडी ओढणारे बाप्ये. व्होल्टेज पडलं की चित्र चहूबाजूंनी आक्रसायचं आणि सामरी काळ्या चौकटीत आणखी लांब, आणखी कृश दिसायचा. एकदा तो येणार तेवढ्यात लाईटच गेली. टीव्हीच्या काचेवर एक पांढरा ठिपका राहिला, तोही विझला. कोणी बोलेना. खळंभर माणसं काळोखात गप्प बसली होती, आणि विहिरीकडून कप्पी करकरली. कोणी तरी तहानेला म्हणून पाणी काढायला गेला होता, एवढंच. पण त्या वाडीतून निघालेली किंकाळी पलीकडच्या वाडीत ऐकू गेली असेल. इतकं एकसुरात, एका क्षणी, एका श्वासात ओरडणं मी पुढे कुठल्याच थिएटरात अनुभवलं नाही.

जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' मला पुढे कधीतरी भेटला. १९७८ सालचा, थोडक्या पैशांत केलेला सिनेमा. संगीत दिग्दर्शकाचं स्वतःचंच. त्याचे वडील संगीताचे शिक्षक होते आणि त्यांनी लहानपणी त्याला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता. तोच ठेका त्याने पियानोवर घेतला. ऐकताना मी सवयीने मांडीवर मात्रा मोजायला लागले. लहान मात्रा धरल्या तर आवर्तन दहांचं भरतं, म्हणजे झपतालाएवढं. पण झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन. त्यात झोका आहे, गेलेला परत येतो. कारपेंटरचे खंड तीन-तीन-दोन-दोन. आवर्तन संपत आलं की पावलं आखूड होतात, कोणी मागून भरभर चालत आल्यासारखी, आणि सम हाती लागते न लागते तोच पुन्हा सुरू. ज्याने आयुष्यभर तबला ऐकला आहे त्याला हे हिशेबाने कळेल आणि ज्याने ऐकला नाही त्याला पोटात कळेल. कारपेंटर आता मुलाला सोबत घेऊन या धुनांच्या मैफिली करतो. मला त्यांतली एक तरी ऐकायची आहे.

आता 'तुंबाड'. तुंबाड आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, खेड तालुक्यातलं, जगबुडी नदीच्या काठचं. मराठी वाचणाऱ्याला ते आधी भेटतं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मध्ये. दोन खंडांची ही कादंबरी १९८७ साली आली. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे, त्यामुळे खाडी, पाऊस आणि खोतांचा माज त्यांना अंतर्बाह्य ठाऊक. सिनेमाने त्या कादंबरीतून नाव घेतलं. भय घेतलं ते नारायण धारपांकडून, त्यांच्या 'आजी' या कथेतून. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्व्यांचा मुलगा. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्याला धारपांची गोष्ट सांगितली आणि ती त्याच्या मानगुटीवर बसली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. गोष्ट त्याने वाचली नव्हती. जंगलात बसून ऐकली होती.

ऐकलेली गोष्ट पडद्यावर यायला पंचवीस वर्षं लागली. त्याने सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता. २०१२ साली चित्रीकरण सुरू झालं, मनासारखं जमलं नाही म्हणून २०१५ मध्ये पुन्हा केलं, खऱ्या पावसासाठी चार पावसाळे खर्च झाले, आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी सिनेमा लागला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवातला समीक्षक सप्ताह त्याने उघडला होता. पंकज कुमारच्या कॅमेऱ्याचं कौतुक सगळे करतात, करायलाच हवं. तो ओला करडा उजेड आमच्या जुलैचा आहे. पण माझा जीव आवाजात अडकला. कुणाल शर्माला ध्वनीसाठी फिल्मफेअर मिळालं, ते एका पावसासाठी नव्हे. त्या सिनेमात कितीतरी पाऊस आहेत. चिखलात पडणारा वेगळा, पडक्या वाड्याच्या दगडावरचा वेगळा, डोंगरावरून वाऱ्यासोबत तिरका येणारा वेगळा. पार्श्वसंगीत येस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं, आणि त्याला पावसाच्या खाली राहायचं कसब ठाऊक आहे. तो त्याच्यावर चढून बसत नाही.

पहिलं प्रकरण १९१८ सालचं आहे आणि माझ्या मते तेच या सिनेमाचं काळीज. साखळदंडांनी बांधलेली म्हातारी, तिला जेवण भरवायला जाणारी आई, आणि म्हातारी जागी झाली तर तिला झोपवण्यासाठी मुलांना पढवून ठेवलेलं एक वाक्य, ज्यात हस्तर या लोभी देवाचं नाव आहे. बाळाला निजवायला गातात ती अंगाई इथे उलटी झाली आहे. पोरगं म्हातारीला भीती घालून निजवतं. ऐन वेळी त्या पोराच्या, विनायकाच्या, तोंडून शब्द फुटत नाही. आपल्याला तो शब्द पाठ झालेला असतो, आपण तो मनात ओरडत असतो, आणि पडद्यावरचा मुलगा अडखळत असतो. सगळा खेळ एका उच्चाराचा. म्हातारीच्या त्या मेकअपखाली मोहम्मद समद आहे, जो पुढे विनायकाचा मुलगा पांडुरंग म्हणूनही दिसतो. हे समजल्यावर मी सिनेमा पुन्हा लावला आणि दोघांचे श्वास ऐकत बसले. पुढे मोठा झालेला विनायक विहिरीत दोरावरून उतरतो तेव्हा पाऊस मागे राहतो, वर. आत लाल मऊ काळोख, पिठाची बाहुली, आणि हस्तरच्या लंगोटातून मोहरा सांडल्याचा तो खणखणाट. इतका वेळ पाण्याने भरलेल्या कानाला धातूचा आवाज इतका कोरडा, इतका हवाहवासा वाटतो की विनायकाचा लोभ आपल्यालाच सुटतो.

तक्रार एकच आहे, आणि ती मी जाईन तिथे करते. हा सिनेमा मराठीत हवा होता. कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरात, १९१८ साली, आई पोरांना हिंदीत दटावते तेव्हा माझ्या कानातली तार उतरते. जो सिनेमा पावसाच्या आवाजात एवढा फरक करतो, त्याने बोलीत करायला हवा होता. वाडाही सासवडचा, देशावरच्या काळ्या दगडाचा. आमच्याकडचा वाडा जांभ्याचा असता, पावसाने शेवाळून काळपट झाला तरी आतून लाल. पण तेवढं मी सोडून देते. बोलीचं सोडवत नाही.

१३ सप्टेंबर २०२४ ला 'तुंबाड' पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त चालला. गौरी-गणपती नुकते पाण्यात गेले होते, चाकरमानी अजून गावात होते. थिएटरात बहुतेक विशी-पंचविशीची पोरं, मोबाईलवर अगोदरच पाहिलेली, तरी तिकीट काढून आलेली. बाहेर जोराची सर आली आणि वरच्या पत्र्यावर वाजायला लागली. काही वेळ पडद्यातला पाऊस कुठला आणि रत्नागिरीचा कुठला हे कळेना. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीने मान वर करून छताकडे पाहिलं, मग मैत्रिणीचा हात धरला. घरी इअरफोन लावून बघणाऱ्याला हे मिळणार नाही.

टीव्हीवरचं आणि अलीकडचं बाकीचं मला फारसं भिववत नाही. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली तेव्हा सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा आणि तिथली माणसं बघून वाटलं होतं की आता काहीतरी खरं होणार. पण प्रत्येक नजरेवर वाद्यांचा तडाखा द्यायला लागले आणि कान बधिर झाले. २०२४ च्या 'मुंज्या'त कोकण छान आहे, मुंज्या संगणकाचा आहे. तो जेवढा दिसतो तेवढा लहान होत जातो.

खरं सांगायचं तर आमच्याकडे भय आणि संगीत एकत्र नांदवणारी कला सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे. शिमग्याला नमन-खेळे निघतात. गुहागर, संगमेश्वर, चिपळूणकडे रात्रभर मृदंग आणि झांजा घुमतात आणि त्यात संकासूर येतो. अंगात काळा पायघोळ वेष, तोंडावर काळा मुखवटा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. तो दिसायच्या आधी घुंगरं ऐकू येतात, वाडीच्या खालच्या अंगाने, बांधाआडून. मृदंग चालूच असतो, पण लहान पोरांचं लक्ष आता त्याच्यावर नसतं. ती घुंगरं आणि मृदंगाची लय जुळते का याकडे असतं. जुळली की तो आला. मी आईच्या पदरात तोंड खुपसायचे आणि तरीही तो अंगणात नाचायला लागला की बाहेर यायचे. आता काही ठिकाणी ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात आणि घुंगरं ऐकूच येत नाहीत. संकासूर एकदम समोर उभा राहतो. पोरं त्याच्यासोबत फोटो काढतात. मला याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

मैफिलींचंही तेच दुखणं आहे. अलीकडे कुठल्याही गावी जा, डग्गा एवढा फुगवून ठेवलेला असतो की गवयाचा खालचा षड्ज त्यात बुडतो. विलंबित चालू असताना चार रांगा पुढे मोबाईल वर होतात आणि त्यांचा निळा उजेड डोळ्यांत जातो. काळोख मोडला की ऐकणंही मोडतं. आणि मारवा संपता संपता मागून नाट्यगीताची फर्माईश येते. नाट्यगीतं मलाही प्रिय आहेत. रत्नागिरीत खल्वायनसारख्या संस्थेने संगीत नाटक आणि मैफिली दोन्ही जिव्हाळ्याने चालवल्या, त्यातच माझा कान घडला. पण मारव्यानंतर थोडा वेळ कोणीच काही मागू नये.

थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव जानेवारीत होतो, त्याची मी वर्षभर वाट बघते. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला. हा जांभ्या रंगाचा, उतरत्या छपरांचा वाडा त्याच्यासाठी बांधला, १९१० च्या सुमारास तो तिथे राहायला गेला आणि १९१६ साली रत्नागिरीतच वारला. परत जाणं त्याच्या नशिबी नव्हतं. त्या वाड्यासमोर उघड्यावर बसलं की भाट्याच्या खाडीवरून गारवा चढतो आणि दव पडायला लागतं. दवाने तानपुरे उतरतात. गवई गाणं थांबवून मागे वळतो, तानपुऱ्यावरची मुलगी खुंटी पिळते, मणी पुसटसा सरकवते, जवारीतला दोरा हलवून बघते. लोक चुळबुळतात, चहाला उठतात. मला ती मिनिटं अतोनात आवडतात. मारवा असेल तर पहिली तार पंचमाऐवजी निषादात आणतात. ती वर वर चढताना, अजून लागलेली नसताना, मागे वाड्याच्या अर्धगोल खिडक्या काळ्या दिसतात, आणि काहीतरी यायचं आहे असं वाटतं. भूत म्हणत नाही मी. पण यायचं आहे.

म्हणून माझी एक इच्छा आहे आणि ती मी आता उघडपणे मांडते. याच आवारात एका रात्री मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' दाखवावा. १९२२ सालचा जर्मन मूकपट. 'ड्रॅक्युला'ची गोष्ट न विचारता घेतली म्हणून ब्रॅम स्टोकरच्या विधवेने दावा लावला, सगळ्या प्रती नष्ट करा असा निकाल झाला, आणि तरी काही प्रती वाचल्या. हान्स एर्डमनने त्यासाठी लिहिलेलं मूळ संगीत मात्र बहुतेक हरवलं. त्यामुळे जो तो देश, जो तो वादक त्याला आपलं संगीत देतो. इटलीचा गॉब्लिन हा बँड 'सस्पिरिया' पडद्यावर लावून समोर बसून वाजवतो, तसं आपण वाजवावं. त्यात मेलेल्या खलाशांचं जहाज शवपेट्या आणि उंदीर घेऊन बंदराला लागतं. बंदर म्हणजे काय हे मिरकरवाड्याच्या माणसांना सांगावं लागणार नाही. जहाज समुद्रात असेपर्यंत सारंगीवर मारवा, षड्ज राखून ठेवलेला. गावात शवपेट्यांची रांग निघते तिथे नमनाचा मृदंग, एकटा, झांजांशिवाय. जिन्यावर त्यातल्या पिशाच्चाची, ओरलॉकची, सावली चढते तिथे कोणीच वाजवायचं नाही. आणि शेवटी कोंबडा आरवतो, उजाडतं, तिथे ललित, दोन्ही मध्यमांसकट.

सारंगीवाला बाहेरून आणावा लागेल. मृदंगवाले शिमगा जवळ आला की मोकळे नसतात, त्यांना पौषातच विचारून ठेवायला हवं. आणि ललित पहाटेशिवाय गाणार नाही असं म्हणणारा गवई मिळाला, तर खेळच पहाटे साडेचारला लावू. दिवाळी पहाटेला येणारे रत्नागिरीकर त्या वेळेलाही येतील.